चौदावं रीळ

त्या चित्रपटाचा शेवट भुवनेश्वरी टीचरांना पाठ होता. नायिका पत्र्याची पेटी उचलते, उंबरा ओलांडते, दार मागे उघडंच राहतं, आणि संपलं. ओरत्तनाडूच्या सासरहून नणंदेबरोबर येऊन त्यांनी तंजावूरच्या थेटरात हे पाहिलं, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांनीही पेटी उचलली. माहेरी राहून शिकल्या आणि राजवाड्यामागच्या शाळेत तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं.

आता घरोघरी केबल आलं. एके दुपारी तोच चित्रपट लागला, आणि त्यात नायिका परत येऊन सासूच्या पाया पडली. टीचर भाजी निवडत होत्या, त्या तशाच बसून राहिल्या.

"मागाहून जोडलंय ते," प्रवीणकुमार म्हणाला. तो त्यांचा जुना विद्यार्थी, आता बँकेत होता. चित्रपट पहिल्यांदा थेटरात लागला तसाच्या तसा पुन्हा उभा करायचा, असा त्याने आणि चार मित्रांनी चंग बांधला होता. कुठल्याशा गोदामातून रिळांचे चौदा डबे मिळवले होते, जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. टीचरांनी तर तंजावूरच्या मराठी घरांच्या रीतीने तमिळ अक्षरांत मराठी लिहून चार पानं भरून दिली होती.

"सात जणांनी तुमच्यासारखाच शेवट लिहिलाय, टीचर. तेरा रिळं खरी. चौदावं काढून टाकतो. फक्त तेव्हा थेटरात रिळं लावणाऱ्या ऑपरेटरचा एक शब्द हवा."

ऑपरेटर रघोजीराव दोन गल्ल्या सोडून राहत. दोघं त्यांच्याकडे गेली. सगळं ऐकून रघोजीरावांनी कॉफीचा पसरट पितळी डबरा खाली ठेवला.

"हे सातही जण ओरत्तनाडूचे का रे?"

प्रवीणकुमारने कागद चाळले. "हो. कसं ओळखलंत?"

"मॅटिनीला तिकडच्या बायका यायच्या. सव्वापाचची बस चुकली की पुढची सातला. मग घरी कोण बोलणी खाणार? तेराव्या रिळालाच सगळ्या उठायच्या, चपला शोधायच्या, पोरं रडायची. शेवटी मीच तेरावर थांबवायला लागलो. तंजावूरची माणसं संध्याकाळच्या खेळाला पूर्ण बघायची."

"पण ती गेली होती, रघोजीराव," टीचर म्हणाल्या. "मी पाहिलंय."

"गेली की, अक्का. तुम्ही बस धरलीत, तेवढ्यात ती परत आली."

टीचरांना शाळा आठवली. पायरी चुकूनही उत्तर बरोबर आणणारी मुलं वर्गात असत. त्यांना त्या जवळ बसवून पुन्हा पहिल्यापासून गणित करायला लावीत. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यापासून कसं करायचं? घर सोडायला सांगितलं कुणी, पडद्यावरच्या त्या बाईने की बसच्या वेळापत्रकाने?

"टीचर, तुम्ही म्हणाल तसं करतो," प्रवीणकुमार हळूच म्हणाला. "चौदावं काढू? तुम्ही थेटरात पाहिलंत ते काही खोटं नाही."

"खोटं नाही. पण पुरंही नाही." टीचरांनी डबऱ्यातली साय बाजूला केली. "तेरावं संपलं की दिवे लाव. पाच मिनिटं थांब. ज्याला बस असेल तो जाईल."

रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये खेळ झाला. पडद्यावरचं दार उघडं राहिलं आणि दिवे लागले. ओरत्तनाडूच्या दोन म्हाताऱ्या पिशव्या काखेत मारून सवयीने निघाल्या. त्यांच्यामागून टीचरही उठल्या. त्यांना कुठली बस? घर तर दहा मिनिटांवर. बाहेर चपला सापडल्या. एक पायात घातली, तोच आत दिवे मालवले.

दुसरी चप्पल तशीच ठेवून त्या दारात वळून उभ्या राहिल्या. पडद्यावर नायिका पेटी घेऊन परत येत होती. चालीत घाई होती, पण ती का परतली, हे कुणीच सांगत नव्हतं.

"दार लावा हो, उजेड येतोय," आतून कुणी म्हणालं.

टीचरांनी कडी धरली. दार कुठल्या बाजूला उभं राहून लावायचं, ते त्यांना कळेना.