क्लचच्या डबीतलं काळं तेल

मी क्लचच्या तेलाची डबी बोलतेय. लोहारा गावच्या कल्याणप्पाच्या जीपमध्ये, बॉनेटखाली माझा मुक्काम. मूठभर माझा जीव. पण त्यानं पायानं क्लच दाबला की माझंच तेल नळीतनं जोर लावतं, तेव्हा कुठं गिअर पडतो.

नवी होते तेव्हा तेल कसं मधासारखं नितळ होतं. घात झाला खंडेनवमीला. तेल घालायला कल्याणप्पानं माझं झाकण काढलं, नुसतं वर टेकवलं आणि बादल्यांनी इंजिन धुतलं. पाणी आत, माती आत. वरून हळद-कुंकू लावून हार घातला. देवपण दिलं नि पोट नासवलं.

पुढं तेल काळवंडलं, क्लच मऊ लागायला लागला. कल्याणप्पा सीटखालची तेलाची बिनझाकणाची बाटली काढायचा नि धुळीसकट माझ्यात ओतायचा.

याच जीपनं त्याच्या गल्लीतल्या नागूआत्या धाराशिवला डायलिसिसला जातात. एक खेप चुकली की त्यांचा श्वास कोंडतो. एकदा त्यांना नेताना वाटेत क्लच खाली गेला तो वर येईना. घाणीनं आतलं रबर खाल्लं होतं. कल्याणप्पानं गिअरमध्येच चावी मारली, हिसके देत गाडी हलवली आणि कुठं न थांबता दवाखाना गाठला.

आत्यांचं आटोपलं तेव्हा जीप शेजारच्या मुजीबच्या गॅरेजात उभी होती.

"मुजीबभाई, वरनं तेल टाका की. निघायचंय," कल्याणप्पा म्हणाला.

आत्या स्टुलावर टेकल्या. "माझं रक्त खराब झालं तर डॉक्टर वरनं नवं ओतत्यात व्हय रं?"

"आत्या, ती गाडी हाय."

"मग मी कशात बसून आले? सगळं काळं काढ, रबर बदल. तवर मी हितनं हलत न्हाय."

"ऐका कल्याणप्पा," मुजीब हसला. "डॉक्टरीणबाई बसल्यात."

काळ्या चहासारखं तेल भांड्यात उतरलं. नवं रबर बसलं. नळीतनं स्वच्छ तेल येईपर्यंत मुजीबनं हात थांबवला नाही, आणि आत्याही उठल्या नाहीत.

आता कल्याणप्पा झाकण काढायच्या आधी माझी मान कोरड्या फडक्यानं पुसतो, सीलबंद डब्यातलंच तेल घालतो, झाकण पिळून लावतो. तुमच्या गाडीतल्या माझ्या बहिणींसाठी एवढं कराच.

उद्या आत्यांचं डायलिसिस आहे. पहाटे त्या पुढच्या सीटवर बसतील. दाबू दे त्याला क्लच. मी तयार आहे.