मोठ्याने वाचा, साहेब

मित्रांनो, विमानाच्या कारखान्यात कडेने गंजलेला एक पोलादी कोनमापक दिसला, तर तो मी. स्वभावाने मी खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मला घडवलं तेव्हा माझ्या पोटात काचेची नळी बसवली आणि तिच्यात एक बुडबुडा सोडला. विमानाचे पंख म्हणजे दोन प्रतलं. ती मधोमध मिळतात आणि टोकांकडे किंचित वर उचललेली असतात. त्या उचलीमुळेच कललेलं विमान पुन्हा सरळ होतं. ती उचल मी मोजतो. वीस वर्षं फिटर मावशीने मला मऊ फडक्याने पुसलं आणि माझ्या भरवशावर सह्या केल्या.

मग नवे साहेब आले. ड्रॉइंगवर लिहिलं होतं, 'पंखांचा कोन सहा अंश'. आमच्याकडे याचा अर्थ, प्रत्येक पंख सपाटीपासून सहा अंश वर. साहेबांनी सहाचे दोन वाटे केले आणि प्रत्येक पंख तीन अंशांवर बसवायला लावला.

"साहेब, हा तीनच दाखवतोय," मावशी म्हणाली.

"तीन आणि तीन सहा! मला भूमिती शिकवताय? हे डबडं आधी भंगारात टाका."

मावशी जागची हलली नाही, तेव्हा त्यांनीच मला भंगाराच्या पेटीत आदळलं.

चाचणीत विमान डावीकडे कललं आणि सरळ व्हायलाच तयार होईना. वैमानिक कसाबसा खाली उतरला. चौकशीला तपासनीस बाई आल्या, तेव्हा साहेबांनी सरळ हात झटकले. "मोजणी मावशींची. त्यांचा कोनमापकच चुकीचा आहे."

मावशीची नोकरी जाणार होती, तीही माझं नाव पुढे करून! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुरावा म्हणून साहेबांनीच मला पेटीतून काढलं. बाईंनी मला सपाट फरशीवर ठेवलं. शून्य. उलट फिरवून ठेवलं. पुन्हा शून्य.

"हा तर ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "आता तुम्हीच पंखावर ठेवा. आणि मोठ्याने वाचा, साहेब."

साहेबांनी मला पंखावर ठेवलं. "ती... तीन."

"दुसरा पंख?"

"तीन."

"ड्रॉइंगमध्ये?"

"सहा."

"प्रत्येकी," मावशी हळूच म्हणाली. सगळा कारखाना ऐकत होता. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आता साहेब मावशीच्या हाताखाली मोजणी शिकतात. मला रोज तेलही तेच लावतात, हे मला फार आवडतं. "अहो, चूक कुणाचीही होते," असं मावशी त्यांना समजावते.

मित्रांनो, हत्यारं पुसून ठेवा, आदळू नका आणि आपली चूक त्यांच्या माथी मारू नका. मावशीने साहेबांना केव्हाच माफ केलं. मी केलेलं नाही.