तारल्यांची मुंडकी

ओमानच्या मसीरा बेटावर बकऱ्या सुकी तारली मासळी खातात, असं हर्णैत कुणी सांगितलं असतं तर जहूर पोट धरून हसला असता. पण ९८ साली तो तिथंच बकऱ्या राखायला आला आणि ते हसू पार मावळलं.

बेटावर बलुची मासे धरत, बदू या अरब जमातीच्या बायका बकऱ्या पाळत. जहूरच्या मालकाची, म्हणजे अर्बाबची, आई नसीबा अशीच चाळीस बकऱ्यांची मालकीण. मोतीबिंदूनं तिला दिसत नव्हतं. ऑपरेशनला मस्कतला जायचं होतं. जाण्याआधी तिची अट एकच: कळप ज्याच्या मागून चालेल, तोच राखणदार. नाहीतर तीन महिन्यांतच जहूरचं परतीचं तिकीट. घरी बायकोला, खुदेजाला सातवा महिना लागलेला.

बकऱ्या मात्र त्याला हिंग लावून विचारत नव्हत्या. त्यानं बाबापुता केलं, घसा फोडला. बरं, लाडांत कसूर म्हणाल तर तीही नव्हती. रोज एकेका तारलीचं मुंडकं मोडून, वाळू झटकून मगच तो त्यांच्यापुढं ठेवायचा. मुंडकी किनाऱ्यावर फेकायचा.

परीक्षेच्या दिवशी पहाटे वाळूतून कासवाची पिल्लं निघाली आणि मुंडक्यांना चटावलेले कुरव पक्षी त्यांच्यावर तुटून पडले.

"कशावर भांडतायत?" कळपाशी उभ्या नसीबानं कलकलाट ऐकून विचारलं.

'मुंडक्यांवर' म्हटलं असतं तर भागलं असतं. म्हातारीला दिसत थोडंच होतं! पण पायाशी एक पिल्लू उलटं पडून वल्ह्यांसारखे पाय हलवत होतं, आणि जहूरला खुदेजाची आठवण झाली.

"कासवाची पिल्लं खातायत, उम्मी. कुरवांना मीच चटक लावली. तारल्यांची मुंडकी मोडून हितंच टाकत होतो."

"मोडलीस कशाला?"

"आमच्याकडं आय मोडून देते. घशात काटा अडकू नये म्हणून."

खलास, जहूरनं मनाशी म्हटलं. त्यानं पिल्लू सुलटं केलं, फडक्यात होती नव्हती ती मुंडकी भरली आणि टेकाडाकडं धूम ठोकली. कुरव पिल्लं सोडून कलकलाट करत त्याच्या मागं निघाले. उरलेली पिल्लं पाण्याला लागली.

टेकाडाशी त्यानं वळून पाहिलं. मागं सगळा कळप. बकऱ्या फडक्याला तोंडं लावत होत्या.

खुरांच्या आवाजावरून अंदाज घेत, काठी टेकत नसीबा तिथवर आली.

"तीन महिने त्यांचा आवडता घास फेकत होतास, वेड्या. पिल्लं किती गेली?"

"अकरा." आकडा सांगताना त्याला फार वाईट वाटलं.

तिनं हातातली काठी त्याच्यापुढं धरली.

"उद्यापासून मुंडकी मोडायची नाहीत."

उद्यापासून! जहूरनं काठी घेतली, आणि त्याला रडू फुटलं.