पाणथर

"कमरेच्या हाडात दोनदा टोचली. दोन्ही वेळा सुई कोरडीच निघाली," डॉक्टर म्हणाले.

मी पारनेरकडचा, विहिरी खोदणारा. कोरडं म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. पण आठ दिवसांपूर्वी याच डॉक्टरांनी माझ्या बायकोचं, भागूचं, पोट दाबून "पाणथरी फार वाढलीय" म्हटलं, तेव्हा मी मनात खूश झालो होतो. विहिरीत पाण्याचा थर लागला की आम्ही त्याला पाणथर म्हणतो. पाणथरी म्हणजे पोटातली प्लीहा, हे मला नर्सबाईंनी नंतर सांगितलं.

"रक्त हाडातल्या मगजात तयार होतं," डॉक्टर म्हणाले. "तिथं आता नुसते वण भरलेत. रक्ताचा कॅन्सर आहे, सावकाश चालणारा. आपण रक्त चढवत राहू. बरं करणारं औषध नाही."

"आजून खोल टोचून बघा की सायेब."

"खोलीचा प्रश्न नाही, कानिफनाथ."

भागू तिकडं वॉर्डात खाटेवर कुशीला पडली होती. तीस वर्षं मी कामावरून आलो की ती दारातच विचारायची, "लागलं का?" मी कधी खोटं बोललो नाही. माझे पाय बघूनच तिला कळायचं.

"लागलं का वं?" तिनं विचारलं.

"लागलं."

"किती?"

"लई हाय. आता गोळ्या देत्याल."

ती माझ्या पायांकडं बघत राहिली. एस्टी स्टँडवरून चालत आलो होतो, पाय धुळीनं पांढरे झाले होते.

"डाक्टरला म्हनावं, सुरुंग लावून बघा," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिनं पोट धरलं.

"तसं न्हाई गं..."

"ऱ्हाऊ द्या. तुमाला न्हाई जमत खोटं बोलाया. घरी चला."

चारदा रक्त चढवलं. माघात ती गेली.

ते त्र्याहत्तर साल. दुष्काळ होता, जो तो विहीर खोल करून घेत होता. चैत्रात शेजारच्या गावी श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीला साठ हातांवर पाणी लागलं. त्यानं मला वर ओढून घेतलं आणि कपाळाला गुलाल लावला. "कानिफदादा, आता जेवूनच जा," म्हणाला. मी थांबलो नाही.

घरी आलो तेव्हा मांड्यांपर्यंत चिखल होता. दाराला कडी होती. ती काढली नाही, पाय धुतले नाहीत. चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटेपर्यंत उंबऱ्याबाहेर बसून राहिलो.