इंजिनाचा खुराक

खाली गावात शिंप्याचं खेळण्यातलं विमान एका झटक्यात आभाळात जायचं. डोंगरावर लेकीकडे येताना त्याने ते मांडीवर घेऊन आणलं आणि जावयापुढे भरपूर फुशारकी मारली. पण इथे इंजिन नुसतं खोकलं, त्याने काळा धूर ओकला आणि विमान गवतात तोंड खुपसून बसलं. शिंप्याने आधी इंधनाला शिव्या घातल्या, मग पंख्याला, मग जावयाच्या अंगणाला.

"अहो, त्याची गत तुमच्यासारखीच झालीय," बायको म्हणाली. "इथली हवा विरळ. चार घास जास्त झाले की जिन्यात तुम्हालाही धाप लागते. त्याचा खुराक कमी करा."

तुला इंजिनातलं काय कळतंय, असं पुटपुटत त्याने इंधनाचा स्क्रू जरा आवळला. इंजिन गरजलं. विरळ हवेत विमानाला अंगण पुरलं नाही, ते फाटकातून रस्त्यावर धावत सुटलं, पण उडालं.

"अनुभव लागतो, जावईबापू," शिंपी म्हणाला.

जेवायला बसल्यावर पाहतो तर त्याच्या ताटात सगळ्यांच्या निम्मंच वाढलेलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"स्क्रू आवळलाय," ती म्हणाली. "उद्या तुम्हीही उडाल."