मेहरुन बेटावर गेली तो दिवस

"चाचा, तुमी नका येव," लाँचवरून सुभाष म्हणाला. "ओहटी हाय. खालच्या पायऱ्यांवं शेवाल चढलाय. तुमचा पाय सरकला त मी काय करू?"

नजीबने काठी या हातातून त्या हातात घेतली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. पण सगळी उमर त्याने मालवाहू जहाजांवर भंडारी म्हणून, खलाशांचा स्वयंपाक करण्यात घालवली होती. वादळात, डेकवर पाणी येत असताना त्याने भाताचं पातेलं धरून ठेवलेलं होतं. आणि आता न्हाव्याच्या धक्क्यावर, समोर दिसणाऱ्या घारापुरीला जाणाऱ्या एवढ्याशा लाँचमध्ये त्याला कोणी चढू देत नव्हतं.

"बरं," तो बायकोकडे, मेहरुनकडे वळून म्हणाला. "चल, गाडीत बसू. उद्या भरतीची वेळ बघून जाऊ."

मेहरुनने डोक्यावरची ओढणी नीट केली. "मग मी जाऊन येते," ती म्हणाली.

"एकटी?"

"लाँचमध्ये माणसं हायत की."

तो पुढे काही बोलायच्या आत सुभाषने खालून हात दिला आणि ती चपला हातात घेऊन, एकेक पायरी चाचपत उतरलीसुद्धा. लाँच सुटली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही. ती पुढे, बेटाकडेच बघत होती.

नजीब गाडीकडे परतला. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तळोज्याच्या एका गॅरेजमध्ये त्याने त्याचं चालतं घर करून घेतलं होतं. आत पलंग, बेसिन, दोन बर्नरची शेगडी, वर पाण्याची टाकी. नेरुळच्या त्यांच्या सोसायटीत मुलं तिला घरगाडी म्हणायची. जहाज कायमचं सोडून आल्यावर नजीबला फ्लॅटमध्ये करमेना. दोन्ही मुलं लांब, अम्मार दोह्याला, तूबा सासरी पुण्याला. घरात ही दोघंच, आणि बोलण्यासारखं काही नाही. आयुष्यभर तो वर्षातून दोनेक महिने घरी यायचा, पाहुण्यासारखा. आता पाहुणा जाईना, अशी अवस्था झाली होती. फिरलो की बोलू, असं त्याला वाटलं होतं. पहिला मुक्काम कुठे करायचा, असं त्याने विचारलं तेव्हा मेहरुन लगेच म्हणाली होती, "घारापुरीच्या समोर."

त्याला ते फारच जवळ वाटलं होतं.

दुपारी त्याने खिमा केला, दोघांपुरता. मग एकट्यानेच थोडा खाल्ला. वाऱ्याने पडदा हलत होता. त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्याच्या चष्म्याला खण होता, औषधांना खण होता, मसाल्यांच्या बाटल्यांना, रेडिओला, काठीलासुद्धा जागा होती. मेहरुनची पिशवी दाराच्या खिळ्याला लटकत होती. गॅरेजवाल्याला सगळं सांगताना तो रोज तिथे उभा होता. तिला काय लागेल, हे त्याने विचारलंच नव्हतं.

परतीची लाँच यायची वेळ झाली तशी तो धक्क्यावर गेला. तिथे उज्वलाची चहाची टपरी होती. ती सुभाषची बायको. तिने न विचारताच चहा दिला. चहा संपला. लाँच दिसेना. मोरा गावाच्या बाजूने एक होडी गेली, मग एक मोठं जहाज बंदराकडे सरकलं. नजीबने फोन लावला. रिंग त्याला मागूनच, गाडीतून ऐकू आली. मेहरुनचा फोन चार्जिंगला लावलेला राहिला होता.

"सुभाषला लाव ना जरा," तो उज्वलाला म्हणाला.

"लावलाय. लागत नाय." ती कपबशा विसळत होती. "लाँचच्या पंख्यात जालं गुतलं आसंल. लाँच हाय चाचा, व्हतं आसं."

नजीब बाकावर बसला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. एकदा त्याच्या जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं आणि कित्येक दिवस कंपनीलाच काही कळत नव्हतं. तेव्हा तूबा मेहरुनच्या कडेवर होती. तिला घेऊन ती रोज कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसायची, हे त्याला पुढे त्याच्या भावाने सांगितलं. तो घरी आला तेव्हा ती दारात उभी होती. आणि तो म्हणाला होता, "जहाज आहे, होतं असं." मग हातपाय धुऊन जेवायला बसला होता.

ऊन उतरलं. बेटाचा डोंगर निळा पडू लागला. नजीब उठून धक्क्याच्या टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला. कितीतरी बंदरं त्याने पाहिली होती, पण किनाऱ्यावर उभं राहून कुणाची वाट पाहायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. त्याने उज्वलाकडे पाहिलं. तिने शेगडी केव्हाच बंद केली होती. हात पदराला पुसत तीही पाण्याकडेच बघत होती.

"तुला भीती नाही वाटत?" त्याने विचारलं.

"वाटते की," ती म्हणाली. "कोनाला सांगू?"

दिवे लागायच्या सुमाराला लाँचची फटफट ऐकू आली. उज्वला लगेच वळून आवराआवर करू लागली, जसं काही झालंच नव्हतं. पंख्यात जाळंच अडकलं होतं. एव्हाना पुन्हा ओहटी लागून धक्क्याजवळ नुसता गाळ उरला होता, म्हणून माणसं थोडी आधीच उतरून चिखलातून चालत आली. सगळ्यांच्या मागे मेहरुन होती, सलवार पोटरीपर्यंत वर धरून. तिचा चेहरा उन्हाने रापला होता.

"तुमी जेवलाव काय?" तिने विचारलं.

"तू कुठे होतीस?"

"बेटावर. अजून कुठं?" मग ती एकदम बोलायलाच लागली. "माकडानं एका बाईची काकडी पळवली. आणि ती तीन तोंडांची मूर्ती... ओ, केवढी मोठी! मी समोर बसूनच राहिले. पोरं लहान असताना दर वर्षी म्हणायची, अम्मी, बेटावर चल. मी म्हणायची, अब्बा आले की जाऊ. तुमी आलाव की लग्नं, पाहुणे, आणि मग जायाचा दिवस. राहूनच गेलं."

नजीब ऐकत होता. गाडीशी आल्यावर ती पायरीवर टेकली.

"मला भीती वाटली," तो म्हणाला.

मेहरुनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मला पण वाटायची," ती म्हणाली. "दर खेपेला."

नजीबने काठी गाडीला टेकवून ठेवली. आतून पाण्याची बादली आणि तांब्या आणला. गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो उभ्यानेच कंबरेत वाकला आणि तिच्या पायांवर पाणी ओतू लागला. तिने पाय मागे घेतले. मग हळूच पुन्हा पुढे केले. त्याचा तोल जाऊ नये म्हणून तिने त्याच्या खांद्याला धरलं. खाडीतला गाळ घोट्यांपर्यंत चिकटला होता, निघायला वेळ लागला.