कडुलिंबाच्या बेचक्यातला कप

खानापूरच्या माळावर उत्खनन चाललं होतं. जमीन लालासाहेबांची, म्हणून दहाचा चहाही त्यांच्याच घरून यायचा. एक किटली आणि बारा कप. उत्खननाच्या प्रमुख संयोगिता मॅडम सांगलीच्या. चहाच्या बाबतीत त्यांचा एक लाडका नियम होता. दिवसातली मोठी वस्तू ज्याच्या हाताला लागेल, त्याला पहिला कप, खुद्द त्यांच्या हातचा.

त्या दिवशी मजूर धोंडुबाईंच्या खुरप्याखाली मातीची अख्खी वाटी निघाली. दोन हजार वर्षांची, पण कुठं टवका उडालेला नाही. मॅडमनी टाळ्या पिटल्या, कप भरला.

"नगं म्याडम," धोंडुबाई मागं सरल्या. "माजा कप हाय की तितं."

कडुलिंबाच्या बेचक्यात कान तुटलेला एक कप होता. दलित वस्तीतल्या धोंडुबाईंसाठी वेगळा ठेवलेला. वीस दिवस मॅडम त्याच झाडाखाली चहा पीत होत्या! नखाएवढं खापर दिसायचं त्यांना, हा कप नाही दिसला. आत्ताही त्यांना वाटलं, बाई लाजतेय. "नियम म्हणजे नियम!" म्हणत त्यांनी कप हातात दिला. धोंडुबाई इकडंतिकडं बघत प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराही कप मातीच्या ढिगावर फुटून पडले होते.

"आवं म्याडम, तिनं कुठला वापरला, कसं कळायचं? म्हून समदंच फोडलं." लालासाहेब शांतपणे म्हणाले. "तुमाला चालतंय. आमाला गावात ऱ्हायचं हाय. ती बाई नगं, न्हाईतर काम बंद करा."

मॅडम गप्प राहिल्या. आठच दिवसांचं काम उरलं होतं हो! एवढ्यासाठी गप्प राहिल्या. समोरच उभ्या असलेल्या धोंडुबाईंनी बेचक्यातला कप काढला, पदराखाली धरला आणि चालू लागल्या.

दुपारी मॅडमनी डबा तसाच झाकला. त्या उठून वस्तीवर गेल्या.

"चला, धोंडुबाई. चुकलं माझं. तुम्ही नसाल तर काम बंद पडलं तरी चालेल."

"आता नगं, म्याडम. लालासाब बोललं त्येचं काय न्हाई, जल्मभर आयकलंय. तुमी गप ऱ्हायलासा, त्ये लय लागलं."

चुलीवर चहा उकळत होता. धोंडुबाईंनी विचारलं नाही, आणि मागायला मॅडमना तोंड उरलं नव्हतं.

परत येऊन त्यांनी काम थांबवलं. फुटक्या कपांचे तुकडे वेचले, खापरांच्या पिशवीत भरले, सापडलेल्या वस्तूला लावतात तशी चिठ्ठी लिहिली. थर: सगळ्यात वरचा. काळ: आजचा. फोडणाऱ्याचा रकाना अशा चिठ्ठीवर नसतो. तो त्यांनी आखला, लालासाहेबांचं नाव लिहिलं, त्याखाली स्वतःचं.

वाचकहो, त्याखाली अजून जागा आहे.